हिऱ्याची तलवार आणि सर्व्हरचें भाडें

ज्याची बॅट त्याची पहिली खेळी, हा न्याय मैदानावर वाढलेल्या कोणत्याहि पिढीला नवा नाहीं. त्यांत थोडा अन्याय आहे हें सर्व मुलांना कळतें. पण बॅटच नसेल तर खेळच नाहीं, हेंहि त्यांना कळतें, म्हणून तीं तो मुकाट्यानें मान्य करतात. परंतु बॅटवाल्यानें उद्यां असें जाहीर केलें कीं, जो मला दहा रुपये देईल तो त्रिफळा उडाला तरी बाद धरला जाणार नाहीं, तर मैदानावर गलका झाल्यावांचून राहणार नाहीं. असाच एक गलका २०१४ सालच्या जून महिन्यांत अनेक देशांतील असंख्य मुलांत व तरुणांत एकदम उठला. त्याचें मैदान डोळ्यांना दिसणारें नव्हतें. बॅटीच्या जागीं सर्व्हर होता, आणि दहा रुपयांच्या जागीं कोणी पांच, कोणी पन्नास, तर कोणी शंभर डॉलरहि मोजीत होते.

विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरांत दहाबारा वर्षांचें मूल आहे, आणि वडिलांच्या नांवानें बँकेचें एखादें कार्ड आहे, त्या घराला तो पोरकट वाटून चालणार नाहीं. शिवाय दहा माणसांनीं मिळून चालविलेल्या कोणत्याहि गोष्टीचा खर्च कोणीं द्यावा, आणि जो देईल त्याला काय मिळावें, हा प्रश्न वाचनालयापासून व्यायामशाळेपर्यंत सर्वत्र आहे. खेळाच्या जगांत तो अधिक उघडा पडला, एवढेंच.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. अनेकांनीं मिळून खेळावयाच्या संगणकी खेळांत सर्वांचें जग एका ठिकाणीं जपून ठेवावें लागतें. कोणी भिंत बांधली, कोणी ती पाडली, कोण कोणाच्या हातून पडला, ह्याची नोंद ठेवणारा आणि ती क्षणोक्षणीं प्रत्येकाच्या पडद्यावर पोंचविणारा जो मध्यवर्ती संगणक, तो सर्व्हर. कांहीं खेळांत तो संगणक खेळ विकणारी कंपनीच चालविते. कांहीं खेळांत मात्र कंपनी आपली सर्व्हरची आज्ञावली लोकांना देऊन मोकळी होते. मग ज्याला हौस असेल त्यानें यंत्र भाड्यानें घ्यावें, दार उघडावें आणि येईल त्याला आंत घ्यावें. अशा हौशी चालकांच्या सर्व्हरांचीच ही हकीगत आहे.

ह्या प्रकाराचा उगम शोधीत मागें गेलें म्हणजे इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठापाशीं थांबावें लागतें. तेथें १९७८ सालीं रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्यानें 'मड' नांवाचा खेळ लिहावयास घेतला, आणि पुढें रिचर्ड बार्टल ह्यानें तो हातीं घेऊन पूर्णतेस नेला. त्यांत चित्र नव्हतें, रंग नव्हता. गुहा, खजिना, शत्रु, सारें कांहीं शब्दांत. दिवसां विद्यापीठाचें यंत्र विद्यापीठाच्या कामांत असे. रात्रीं उशिरा बाहेरचे लोकहि टेलिफोनच्या तारेवरून त्यांत शिरत. यंत्राचा खर्च विद्यापीठाच्या शिरावर असल्यामुळें कोणाकडे पैसे मागण्याचा प्रसंग आला नाहीं. १९८७ मध्यें तोच खेळ अमेरिकेंतील काँप्युसर्व्ह ह्या व्यापारी जाळ्यावर 'ब्रिटिश लेजंड्स' ह्या नांवानें आला, आणि तेथें मात्र तासावर आकार पडे. ज्याच्या खिशांत अधिक, त्याला तास अधिक. आणि तास अधिक म्हणजे बळहि अधिक, हें ओघानेंच आलें. तरी पैसा देऊन खेळावयास मिळे, जिंकावयास मिळत नसे. हा भेद पुढच्या साऱ्या भांडणाचें मूळ आहे.

तो भेद पुसणारे व्यापारी लवकरच निघाले. १९९७ सालीं सुरू झालेल्या 'अकेया' ह्या शब्दमय खेळाला प्रवेश विनामूल्य ठेवून खेळांतील उपयोगाच्या वस्तु खऱ्या पैशानें विकण्याची पद्धत पडली. पण ती कंपनीची स्वतःची जागा होती, तिच्या दारावर तिची पाटी होती. हौशी चालकांचा प्रवास वेगळ्या वाटेनें झाला. १९९६ सालच्या 'क्वेक' खेळानें लोकांना आपापले सर्व्हर मांडावयास शिकविलें. १९९९ मध्यें 'काउंटर-स्ट्राइक' आला आणि असे सर्व्हर गांवोगांवच्या मंडळांप्रमाणें उगवले. त्यांच्या जागा ठरलेल्या असत. संध्याकाळीं जागा भरल्या म्हणजे बाहेर ताटकळत बसावें लागे. तेव्हां कित्येक चालकांनीं अशी तोड काढली कीं, जो भाड्याला हातभार लावील त्याची एक जागा राखून ठेवावयाची. तो आला कीं गर्दींतल्या दुसऱ्या कोणाला तरी यंत्र आपोआप बाहेर काढी. बाहेर काढलेल्या मुलाला राग येत असणारच. पण आंत गेल्यावर बंदूक सर्वांची सारखी, गोळी सर्वांना सारखी लागे. म्हणून हा प्रकार फारसा कोणाला खुपला नाहीं. नाटकगृहांतल्या पुढच्या खुर्चीसारखा तो होता. खुर्ची पुढची असली तरी नाटक सर्वांना एकच दिसतें.

मग आला 'माइनक्राफ्ट'. स्वीडनमधील मार्कस पेर्सन ह्या, 'नॉच' ह्या टोपणनांवानें ओळखल्या जाणाऱ्या, तरुणानें २००९ सालच्या मे महिन्यांत त्याचें पहिलें रूप लोकांपुढें ठेविलें. पुढें स्टॉकहोम येथें त्याची मोयांग ही कंपनी उभी राहिली, आणि १८ नोव्हेंबर २०११ रोजीं खेळ पूर्ण झाल्याचें जाहीर झालें. चौकोनी ठोकळ्यांचें हें जग. जमीन खणावी, लांकूड तोडावें, घर बांधावें, रात्रीं येणाऱ्या भुतांपासून जीव वांचवावा. ह्या जगांत श्रमाला मोल आहे, आणि तें मोल अगदीं मोजून सांगतां येतें. हिऱ्याची तलवार करावयाची तर दोन हिरे व एक काठी लागते. शिरस्त्राणाला पांच हिरे, छातीच्या कवचाला आठ, पायघोळाला सात, पादत्राणांना चार; म्हणजे अंगभर चिलखताला चोवीस हिरे. तलवारीचे दोन धरून सव्वीस. शस्त्रावर मंत्र घालावयाचा तर त्यासाठीं लागणाऱ्या मेजाला आणखी दोन हिरे, काळ्या कांचेचे चार ठोकळे आणि एक पुस्तक. हिरे जमिनीच्या अगदीं खालच्या थरांत, तप्त रसाच्या शेजारीं सांपडतात. एक पाऊल चुकलें कीं जमविलेलें सर्व त्या रसांत जातें. मेलेल्याची झोळी जागच्या जागीं सांडते, आणि जो येईल तो ती उचलतो. सव्वीस हिरे जमवावयास एखाद्या मुलाच्या कित्येक संध्याकाळी खर्च होतात. हें नीट समजल्याशिवाय पुढचा राग समजावयाचा नाहीं.

मोयांगनें सर्व्हरची आज्ञावली कोणालाहि फुकट उतरवून घेऊं दिली होती. पण ती साधी होती. तिच्यावर नवेनवे नियम चढविण्याची सोय 'बकिट' नांवाच्या एका उपक्रमानें करून दिली, आणि तो उपक्रम लोकांनीं विनामोबदला काम करून वाढविला. बकिटमुळें चालकाला खेळाडूंचे वर्ग पाडतां येऊं लागले: ह्यानें उडावें, त्यानें उडूं नये, ह्याला एका आज्ञेसरशी घरीं पोंचतां यावें, त्यानें पायीं जावें, ह्याला रोज एक पेटारा मिळावा, त्याला मिळूं नये. नंतर 'बायक्राफ्ट' सारखीं दुकानें निघालीं. खेळाडूनें कार्डानें पैसे भरले कीं दुकान परस्पर सर्व्हरला आज्ञा देई, आणि क्षणांत त्या खेळाडूच्या नांवापुढें सोनेरी अक्षरें झळकत, झोळींत तलवार येऊन पडे. चालकाला बोटहि हलवावें लागत नसे. वर्गणीचा डबा फिरविणारा हौशी मनुष्य ह्या एका सोयीनें दुकानदार झाला, आणि बऱ्याच वेळां तें त्याच्या स्वतःच्याहि लक्षांत आलें नसावें.

ह्या विक्रीला चालक 'देणगी' म्हणत. येथें शब्दाकडे थोडें थांबून पाहिलें पाहिजे. ज्याच्या बदल्यांत कांहीं मिळावयाचें नाहीं ती देणगी. ज्याच्या बदल्यांत ठराविक वस्तु ठराविक भावानें मिळते ती खरेदी. वीस डॉलरला चिलखत व पन्नास डॉलरला चिलखतासह उडण्याची सिद्धि, अशी भावाची पाटी दारावर लावून तिला देणगी म्हणणें हा भाषेशीं केलेला अपराध होय. व्यवहाराशींहि तो अपराधच होता. कारण देणगी म्हटली कीं परतीचा प्रश्न निघत नाहीं, आणि माल बिघडला तरी तक्रार करतां येत नाहीं.

खरी जखम लढाईच्या सर्व्हरांवर झाली. तेथें टोळ्या करून मुलुख राखावयाचा, दुसऱ्यांचे किल्ले फोडावयाचे, असा खेळ असे. अशा ठिकाणीं पैसेवाल्याला तयार चिलखत व मंत्र घातलेली तलवार मिळाली, तर त्याचा परिणाम त्याच्यापुरता राहत नाहीं. सव्वीस हिरे खणून आणलेला मुलगा रस्त्यांत त्याच्यापुढें सांपडतो, पडतो, आणि त्याची झोळी त्या विकत्या वीराच्या पायांशीं सांडते. पैसेवाल्याची तलवार मोडली तर दुसऱ्या दिवशीं त्याला दुसरी मिळते. हरणाऱ्याला मात्र पुन्हां खाणींत उतरावें लागतें. ह्यालाच इंग्रजींत पैसे देऊन जिंकणें असें तुच्छतेनें म्हणतात, आणि ती तुच्छता अस्थानीं नाहीं.

चालकांची बाजूहि ऐकली पाहिजे, कारण ती नुसती लोभाची बाजू नव्हती. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला वीस वेळां सगळ्या जगाचा हिशेब करतो, आणि तो हिशेब बव्हंशीं एकाच धाग्यानें चालतो. म्हणून माणसें वाढलीं कीं नुसतें मोठें यंत्र घेऊन भागत नाहीं, अनेक यंत्रें घेऊन तीं एकमेकांस जोडावीं लागतात. त्यांचें भाडें दरमहा द्यावें लागतें. शिवाय खोडसाळ लोक हजारों यंत्रांचा भडिमार करून सर्व्हर बंद पाडतात. त्यापासून संरक्षण घ्यावयाचें तर तेंहि विकत. तेव्हां चालक म्हणत, शंभरांतले पांच पैसे देतात म्हणून उरलेले पंचाण्णव फुकट खेळतात. त्या पांचांना कांहीं दिलें नाहीं तर ते कशाला देतील? हें म्हणणें खोटें नाहीं. दुसरा मुद्दा ते असा काढीत कीं, कोणावर सक्ति नाहीं; नको असेल त्यानें दुसरा सर्व्हर पाहावा. हा मुद्दा मात्र कच्चा आहे. ज्या सर्व्हरवर मुलानें वर्षभर घर बांधलें आणि जेथें त्याचे मित्र आहेत, तो सर्व्हर सोडणें म्हणजे दुकान बदलणें नव्हे, गांव सोडणें आहे.

तिसरा युक्तिवाद सर्वांत भारी. शाळकरी मुलाजवळ वेळ असतो, पैसा नसतो. नोकरी करणाऱ्याजवळ पैसा असतो, वेळ नसतो. मुलगा वेळ देऊन तलवार मिळवितो, नोकरदारानें पैसा देऊन मिळविली तर बिघडलें कोठें? ह्याला उत्तर असें कीं, वेळ खेळाच्या आंत खर्च होतो. खाणींतला धोका, चुकलेली वाट, वाटेंत भेटलेला सोबती, हें सारें त्या वेळांतच येतें, आणि खेळ म्हणतात तो ह्यालाच. पैसा बाहेरून येतो. तो खेळाचा कोणताच भाग वाढवीत नाहीं, उलट एक भाग गाळून टाकतो. परंतु हें उत्तर लढाईच्या सर्व्हराला जितकें लागूं पडतें तितकें सर्वत्र पडत नाहीं. जेथें लोक नुसतीं शहरें उभारतात, कोणी कोणाला मारीत नाहीं, तेथें एखाद्यानें पैसे देऊन उडण्याची परवानगी घेतली तर शेजाऱ्याचें काय गेलें? हा फरक पुढें झालेल्या नियमांत नीटसा आला नाहीं, ही त्या नियमांतली उणीवच म्हणावी लागेल.

आतां जून २०१४ कडे वळूं. मोयांगच्या करारांत मूळचेंच असें कलम होतें कीं, कंपनीच्या परवानगीवांचून तिच्या वस्तूवर कोणीं पैसा मिळवूं नये. पण कित्येक वर्षें कोणीं तें अमलांत आणलें नव्हतें. त्या सुमारास पालकांचीं पत्रें कंपनीकडे येत होतीं. मुलानें कुठल्याशा सर्व्हरवर शंभर डॉलर खर्च केले, ते परत द्या, अशी त्यांत मागणी असे. पैसे घेणारा चालक तिसराच, आणि कंपनीचा त्याच्यावर ताबा नव्हता. पण पालकाला सर्व्हर व कंपनी ह्यांतला भेद कसा कळावा? खेळाचें नांव एकच. १२ जून रोजीं मोयांगनें निवेदन काढलें, आणि १ ऑगस्टपर्यंत सर्वांनीं नव्या नियमांप्रमाणें वागावें असें ठरविलें.

नियम थोडक्यांत असे होते. प्रवेशमूल्य घ्यावें, पण पैसे देणारे व न देणारे असे दोन वर्ग पाडूं नयेत. देणगी घ्यावी, देणाऱ्याचे जाहीर आभारहि मानावेत, पण त्याला खेळांत झुकतें माप देऊं नये. जाहिराती लावाव्यात. शोभेच्या वस्तु विकाव्यात: टोप्या, पाळीव प्राणी, पावलांमागें उडणाऱ्या ठिणग्या. तलवारी व अभेद्यतेचें औषध विकूं नये. उदाहरणादाखल माणसें खाणाऱ्या डुकरांवरहि बंदी घातली होती, ती गमतीनें. खेळांतलें नाणें खऱ्या पैशानें विकूं नये. आणि पाठीवरचा झगाहि विकूं नये. तो मान मोयांगनें स्वतःकडे राखून ठेविला. शोभेची विक्री सर्वांना मोकळी करून त्यांतली एकच शोभा मालकानें आपल्याकडे ठेवावी, हें पाहून कोणालाहि हसूं येईल.

गलका झाला तो ह्या निवेदनामुळें. रागावलेल्यांत चालक तर होतेच, पण त्या सर्व्हरांवर वाढलेलीं मुलेंहि होतीं. आपला सर्व्हर बंद पडणार ही त्यांची भीति होती. संशयालाहि जागा मिळाली. त्याच वर्षीं, ह्या निवेदनाच्या थोडेच महिने आधीं, मोयांगनें 'रेल्म्स' नांवाची स्वतःची सेवा काढली होती. दरमहा वर्गणी भरावी आणि दहा सोबत्यांसह आपलें छोटें जग चालवावें, अशी ती योजना. तेव्हां आपल्या दुकानासाठीं कंपनी दुसऱ्यांचीं दुकानें मोडते आहे, असा अर्थ पुष्कळांनीं काढला. तो पटण्यासारखा नाहीं. दहा सोबत्यांच्या अंगणांत शेंकडों खेळाडूंची जत्रा मावत नाहीं, आणि जत्रेसाठीं येणारा अंगणावर समाधान मानीत नाहीं. कंपनीचा दोष असलाच तर तो दुसरा. जें कलम पाळावयाचें नव्हतें तें ठेवूं नये, आणि पाळावयाचें होतें तर पहिल्या वर्षींच पाळावें. मधल्या काळांत कित्येकांनीं त्या मोकळीकीवर विसंबून यंत्रें भाड्यानें घेतलीं आणि कोणी नोकऱ्याहि सोडल्या असतील. त्यांना सहासात आठवड्यांची मुदत देणें हा न्याय थोडा घाईचाच झाला. जे प्रामाणिक त्यांनीं मुदतींत दुकानें आवरलीं, जे नव्हते ते थांबले, आणि कांहीं काळ प्रामाणिकांचेंच नुकसान झालें.

पेर्सननें त्या दिवसांत एक उपरोधिक टिपण लिहून कलम जुनेंच असल्याचें सांगितलें. शिव्यांचा वर्षाव मात्र त्याच्यावर होत राहिला. जूनच्या मध्यास त्यानें ट्विटरवर, माझा कंपनींतला वांटा कोणी विकत घेतां काय, अशा अर्थाची एक ओळ टाकली. लोकांना ती थट्टा वाटली. १५ सप्टेंबर २०१४ रोजीं मायक्रोसॉफ्टनें मोयांग कंपनी अडीच अब्ज डॉलरांना विकत घेत असल्याचें जाहीर केलें. विक्रीला कारणें अनेक असतील; पण तिची पहिली उघड खूण ह्या गलक्यांतच दिसली, हें खरें.

त्याच उन्हाळ्यांत बकिटहि मोडकळीस आलें. ऑगस्टमध्यें त्याच्या प्रमुखानें, बदललेल्या नियमांच्या वातावरणांत हें काम पुढें चालविणें कठीण आहे असें सांगून तें थांबवीत असल्याचें जाहीर केलें. तेव्हां मोयांगनें उलगडा केला कीं, बकिटची मालकी २०१२ पासून आपल्याकडेच आहे. हें ऐकून विनामोबदला खपलेल्या एका लेखकानें, माझें लेखन असें वापरतां येणार नाहीं, म्हणून हक्क सांगितला, आणि सप्टेंबरमध्यें बकिट मिळेनासें झालें. चालकांनीं ज्या पायावर दुकानें थाटलीं, तो पाया घालणाऱ्यांच्या हातीं त्या दुकानांतलें कांहींच आलें नव्हतें. समतेची चर्चा खेळाडू आणि चालक ह्या दोघांतच झाली, ह्या तिसऱ्याची आठवण फारशी कोणाला राहिली नाहीं.

नियमाला दांत फुटावयास आणखी दोन वर्षें लागलीं. २०१६ मध्यें मोयांगनें नियम मोडणाऱ्या सर्व्हरांची यादी केली, आणि खेळ त्या यादींतल्या पत्त्यांवर जाण्यास नकार देऊं लागला. यादी सांकेतिक रूपांत होती, पण उत्साही लोकांनीं अंदाज बांधून त्यांतलीं पुष्कळ नांवें ओळखून काढलीं. पत्ता बदलून कांहीं चालकांनीं पळवाट शोधली. तरी मोठ्या सर्व्हरांना नांव बदलणें परवडण्यासारखें नव्हतें, आणि बहुतेकांनीं तलवारी काढून टोप्या मांडल्या.

ह्या धंद्यांत पैसा किती गुंतला होता, हें त्याच वर्षीं एका भलत्याच मार्गानें जगाला कळलें. २०१६ च्या सप्टेंबरमध्यें फ्रान्समधील ओव्हीएच ह्या सर्व्हर भाड्यानें देणाऱ्या कंपनीवर प्रचंड भडिमार झाला. घरोघरच्या पाळतीच्या कॅमेऱ्यांत व इंटरनेटच्या पेट्यांत शिरून त्यांनाच हत्यार बनविणारें 'मिराई' नांवाचें तें साधन होतें; पुढें ऑक्टोबरमध्यें त्याच साधनानें अमेरिकेंतील कित्येक मोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पाडलीं. लोकांना एखाद्या शत्रुराष्ट्राचा संशय आला. डिसेंबर २०१७ मध्यें तिघा अमेरिकन तरुणांनीं मिराई निर्माण केल्याचा गुन्हा न्यायालयांत कबूल केला. त्यांच्या उद्योगाची मुळें माइनक्राफ्टच्या सर्व्हरांत होतीं. प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर पाडला कीं त्याचीं गिऱ्हाइकें फुटतात, आणि भडिमारापासून संरक्षण विकणाऱ्याला काम मिळतें, असा तो हिशेब. ठोकळ्यांच्या खेळांतल्या दुकानदारीसाठीं घडविलेलें हत्यार निम्म्या जगाची झोप उडवून गेलें.

रांगेचा प्रश्न नियमांनीं पुरता सुटला नाहीं. डिसेंबर २०१० पासून चालू असलेला टू-बी-टू-टी हा एक विलक्षण सर्व्हर. तेथें नियम नाहींत. चोरी, जाळपोळ, फसवणूक, सर्व चालतें. २०१६ मध्यें तेथें इतकी गर्दी लोटली कीं बाहेर तासन् तास रांग लागूं लागली, आणि महिना वीस डॉलर भरणाऱ्यांसाठीं पुढची रांग निघाली. आंत गेल्यावर सर्व सारखे. पण जेथें क्षणाची गैरहजेरी म्हणजे घर लुटलें जाणें, तेथें लवकर आंत शिरतां येणें हेंहि एक शस्त्रच होय. काउंटर-स्ट्राइकच्या राखीव खुर्चीला कोणी शस्त्र म्हणालें नसतें.

हायपिक्सेल हा कॅनडांतील तरुणांनीं १३ एप्रिल २०१३ रोजीं उघडलेला सर्व्हर ह्या साऱ्या वादळांतून तरून गेला, आणि एप्रिल २०२१ मध्यें तेथें एकाच वेळीं दोन लाखांहून अधिक खेळाडू जमले. तेथें दर्जे विकले जातात, पण भर शोभेवर असतो. तरीहि त्याच्या 'स्कायब्लॉक' खेळांत 'बूस्टर कुकी' नांवाची एक वस्तु आहे. ती खऱ्या पैशानें घेतां येते, आणि खेळांतल्या बाजारांत खेळांतल्याच नाण्यांना विकतांहि येते. ज्याच्याजवळ पैसा नाहीं तो नाणीं साठवून तीच वस्तु त्या बाजारांतून घेऊं शकतो. नाणें विकण्यास बंदी आहे, पण कुकीच्या आडून पैशाचें नाणें होतें, ही गोष्ट तेथील मुलांना मोठ्यांच्या आधीं कळते. फुकट खेळणाऱ्यालाहि ती मिळते, म्हणून हा प्रकार बऱ्यापैकीं न्याय्य वाटतो. तलवार विकण्यापेक्षां तर खासच.

दुसऱ्या खेळांच्या मालकांनींहि पुढें हीच वाट धरली. रॉकस्टार कंपनीनें २०२२ च्या नोव्हेंबरमध्यें आपल्या खेळावर चालणाऱ्या लोकांच्या सर्व्हरांना खेळांतलें चलन व नशिबाच्या पेट्या विकण्यास मनाई केली, आणि ऑगस्ट २०२३ मध्यें त्या सर्व्हरांची मुख्य आज्ञावली बनविणारा गटच आपल्या पंखाखालीं घेतला. मोयांगनें जुलै २०२२ मध्यें सांकेतिक चलनावर आधारलेल्या मालकीपत्रांना आपल्या खेळांत थारा नाहीं असें सांगितलें; जी वस्तु थोड्यांनाच मिळते ती इतरांना वगळते, हें तिचें कारण होतें. तरी २०१७ पासून मोयांगचा स्वतःचा बाजार आहे, आणि त्यांतलीं 'माइनकॉइन' नाणीं खऱ्या पैशानेंच घ्यावीं लागतात. तेथें नकाशे, पोशाख व तयार जगें मिळतात. त्याच वर्षीं मोजक्या मोठ्या सर्व्हरांना खेळाच्या मुख्य यादींत स्थान मिळालें. त्यांतला मायनप्लेक्स २०१५ च्या सुमारास सर्वांत गजबजलेल्या सर्व्हरांत गणला जात होता. मे २०२३ मध्यें तो बंद झाला, आणि त्यावर ज्यांनीं वर्षानुवर्षें दर्जे व टोप्या विकत घेतल्या होत्या, त्यांच्या त्या टोप्या सर्व्हरबरोबरच गेल्या.